चकाकी हवी, पण रंग राखून

दसरा आठवड्यावर आला की घरातल्या मोटारीकडे सगळ्यांचे लक्ष जाते. एरवी वर्षभर धूळ खात उभी असलेली गाडी, झेंडूचा हार घालण्याआधी लख्ख दिसली पाहिजे असे लहानथोरांना वाटू लागते. बादली येते, फडकी येतात. अलीकडे या सामानात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे फिरत्या चकतीचे पॉलिशिंग यंत्र, अर्थात रोटरी पॉलिशर. पूर्वी हे यंत्र फक्त डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात दिसे. आता ते दुकानात मिळते आणि घरबसल्या मागवताही येते. खोके उघडले की यंत्राबरोबर लाल, पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या फोमच्या चकत्या निघतात आणि एक लोकरीची टोपीही निघते.

मग काय होते, ते कोणत्याही सोसायटीच्या आवारात पाहायला मिळेल. मुलगा लोकरीची टोपी यंत्रावर चढवतो, कारण तीच सर्वांत दणकट दिसते.

"अरे, जरा थांब. कोणता पॅड कशासाठी, ते आधी वाचून तर घे," बाबा म्हणतात.

"त्यात काय वाचायचं, बाबा? जास्त घासलं की जास्त चमकेल!"

अर्ध्या तासाने बॉनेटच्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढा एक निस्तेज डाग दिसतो. तो घालवायला मुलगा तिथेच आणखी घासतो. डाग जात नाही, उलट पसरतो. आता कितीही महागडे पॉलिश आणले तरी उपयोग नसतो, कारण त्या जागेवर घासायला काही उरलेलेच नसते. दसऱ्याच्या खर्चात बॉनेट पुन्हा रंगवून घेण्याचा खर्च जमा होतो.

यात दोष यंत्राचा नव्हता आणि पॉलिशच्या डबीचाही नव्हता. यंत्र फक्त फिरते. रंगाला प्रत्यक्ष भिडतो तो पॅड. म्हणून यंत्र कोणते घ्यावे याची चौकशी जितक्या बारकाईने केली जाते, त्याहून अधिक बारकाईने पॅडची निवड केली पाहिजे.

घासायला थर आहे तरी किती?

आजच्या मोटारीचा रंग म्हणजे एकावर एक दिलेल्या थरांची उतरंड असते. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यातला क्लिअर कोट असतो सुमारे ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर गाडीची सगळी चमक केसाहूनही पातळ अशा पापुद्र्यावर अवलंबून असते.

या पापुद्र्याचे काम केवळ चमकण्याचे नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचा बचाव करणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात. तो फार पातळ झाला की रंग फिका पडू लागतो आणि पुढे क्लिअर कोटचे पोपडे सुटू लागतात.

उन्हात गाडीकडे पाहिले की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेघा दिसतात. त्या बहुतेक याच वरच्या थरात असतात. पॉलिश केल्याने हे चरे भरून निघतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. चरा भरला जात नाही, तर त्याच्या आजूबाजूचा पृष्ठभाग चऱ्याच्या तळापर्यंत घासून खाली आणला जातो. म्हणजे दरवेळी थोडा थर कायमचा जातो. बँकेतल्या ठेवीतून रक्कम काढावी आणि त्यात पुन्हा कधीही भर घालता येऊ नये, असा हा व्यवहार आहे. किती रक्कम काढायची, हे बहुतांशी पॅड ठरवतो.

जुन्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांपैकी कित्येकींवर पारदर्शक थर नसतो, वरचा थर रंगाचाच असतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. पांढऱ्या फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन एखाद्या आडबाजूच्या जागी हाताने घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर रंग एकथरी आहे. असा रंग उन्हाने पांढुरका पडला असला तरी पॉलिशने पुष्कळदा छान उजळतो. पण तिथे प्रत्यक्ष रंगच खर्ची पडत असतो, हे विसरू नये.

गाडीच्या रंगाला आपल्याकडे अजून 'ड्यूको' म्हणतात, त्याचा या घासण्याशी जुना संबंध आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने या नावाने नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आणले. त्याआधीचे रंग वाळायला दिवसचे दिवस लागत. ड्यूको झटपट वाळे, पण फवारल्यावर त्याला लगेच तेज येत नसे. घासून, बफ करूनच ती चकाकी काढावी लागे. रंगाला जोरात बफ मारण्याची सवय त्या काळापासूनची आहे. आजच्या क्लिअर कोटला मात्र जात्याच तेज असते. त्याला घासून चमक आणायची नसते. त्यावर पडलेले चरे तेवढे कमीत कमी घासून काढायचे असतात.

रोटरीचा स्वभाव

पॉलिशिंग यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. एका प्रकारात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता हलतोही, त्यामुळे एकाच जागी सारखे घर्षण होत नाही. त्याला ड्युअल अ‍ॅक्शन म्हणतात. हे यंत्र नवशिक्याला बरेच सांभाळून घेते. रोटरीत मात्र पॅड थेट मोटरच्या जोरावर एकाच दिशेने, एकाच केंद्राभोवती फिरतो. दाब दिला तरी तो थांबत नाही. त्यामुळे काम झपाट्याने होते आणि चूकही तितक्याच झपाट्याने होते.

हा वेग किती असतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सात इंची पॅड मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर त्याची कड ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने रंगावरून धावते. त्याच फेऱ्यांना तीन इंची पॅडची कड ताशी २१-२२ किलोमीटरनेच धावते. पॅडचा मध्यबिंदू जवळपास स्थिर असतो. म्हणजे फेरे तेच असले तरी मोठ्या पॅडचे घर्षण आणि उष्णता कितीतरी जास्त असते, आणि तीही कडेला एकवटलेली. पॅड तिरपा धरून नुसती कड टेकवली की रंग का जळतो, ते यावरून समजेल.

पत्रा ही उष्णता थोडीफार आजूबाजूला पसरवतो. प्लॅस्टिकचा बंपर तसे करत नाही, त्यामुळे तिथे उष्णता साचून राहते. बंपरसाठी नेहमी लहान, मऊ पॅड आणि कमी वेग ठेवावा.

लोकर, फोम आणि मायक्रोफायबर

बाजारात मिळणारे पॅड या तीन जातींत मोडतात.

लोकरीचा पॅड सर्वांत जोरकस. लोकरीचा प्रत्येक धागा रंगाला वेगळा घासतो, म्हणून तो भराभर थर काढतो. धाग्यांतून हवा खेळत असल्यामुळे तो फोमच्या मानाने थंड राहतो, हा त्याचा गुण. पण तो मागे धूसर, वळणदार पट्टे सोडतो. हे पट्टे सावलीत दिसत नाहीत. उन्हात गाडी नेली की तेलाच्या तवंगासारखे सरकताना दिसतात. गॅरेजमधून 'रबिंग-पॉलिश' करून आणलेली गाडी दोन दिवसांनी उन्हात अशी पट्टेदार दिसते, तेव्हा लोकरीनंतर फोमचा हात फिरलेला नाही, असे बहुधा समजावे. पीळ दिलेल्या आखूड धाग्यांची लोकर अधिक कडक, तर मऊ मोकळ्या धाग्यांची लोकर सौम्य. नवीन रंगकामानंतर पॉलिश पेपरचे ओरखडे काढायचे असतील किंवा रंग खूपच पांढुरका पडला असेल, तर लोकर उपयोगाची. घरच्या वापरात राहिलेल्या, निगा असलेल्या गाडीला सहसा तिची गरज पडत नाही.

फोमचा पॅड म्हणजे घरगुती कामाचा खरा सोबती. तो पॉलियुरेथेनचा असतो आणि कडकपणानुसार त्याचे साधारण तीन दर्जे करता येतात. कडक फोम चरे कापण्यासाठी म्हणजे कटिंगसाठी, मध्यम फोम पॉलिशसाठी आणि अगदी मऊ फोम शेवटचा हात फिरवण्यासाठी किंवा मेण लावण्यासाठी. रोटरीसाठी फोमची जाडी २५ ते ३० मिलिमीटर असली तर बरे. जाड फोम पत्र्याच्या वळणाप्रमाणे दबतो आणि हाताची लहानसहान चूक पोटात घालतो. फार पातळ पॅड रोटरीवर हाताचा प्रत्येक हिसका रंगापर्यंत पोहोचवतो. काही पॅडचा पृष्ठभाग सपाट असतो, तर काहींवर अंड्यांच्या ट्रेसारखे उंचवटे असतात. शिकणाऱ्याने सपाट पृष्ठभागाचा, पण गोलाई दिलेल्या कडेचा पॅड घ्यावा.

मायक्रोफायबरचा पॅड चांगला कापतो, पण तो प्रामुख्याने ड्युअल अ‍ॅक्शन यंत्रासाठी बनवलेला असतो. रोटरीवर तो लवकर तापतो. म्हणून रोटरी घेणाऱ्याने त्याच्या वाटेला न जाणेच श्रेयस्कर.

पॅड एकटा काम करत नाही, त्यावर कंपाउंड किंवा पॉलिश लावलेले असते, हेही लक्षात घ्यावे. पॉलिशमधले अतिसूक्ष्म कण घासतात आणि पॅड त्यांना रेटा देतो. तेच पॉलिश कडक पॅडवर अधिक कापते, मऊ पॅडवर कमी. म्हणून जोडी जुळलेली असावी: जोरकस कंपाउंडला कडक पॅड, बारीक पॉलिशला मध्यम किंवा मऊ पॅड. मऊ पॅडवर भरड कंपाउंड लावून मधला मार्ग काढण्याचा प्रयत्न केला, तर चरे तर जात नाहीतच, वर धूसरपणा येतो.

पॅडच्या रंगाला भुलू नका

खरेदीत सर्वाधिक फसगत होते ती इथे. पिवळा म्हणजे कडक, काळा म्हणजे मऊ, असे कुणीतरी छातीठोकपणे सांगतो आणि ऐकणारा ते लक्षात ठेवतो. प्रत्यक्षात पॅडच्या रंगांना कंपन्यांमध्ये सर्वमान्य असे प्रमाण नाही. इटलीच्या रूपेस कंपनीच्या फोमच्या पॅडमध्ये निळा हा सर्वांत भरड आणि पांढरा सर्वांत नाजूक. उलट थ्रीएम कंपनीचा निळा पॅड शेवटच्या, अत्यंत बारीक पॉलिशसाठी असतो. एकाच रंगाचा पॅड, पण एकाने चरे काढायचे आणि दुसऱ्याने नुसता हात फिरवायचा! खोक्यात आलेल्या बिननावाच्या संचात तर रंग म्हणजे केवळ दिसण्यापुरते असू शकतात.

तेव्हा रंग न बघता पॅडवर किंवा वेष्टनावर कटिंग, पॉलिशिंग, फिनिशिंग यांपैकी काय लिहिले आहे ते पाहावे. काहीच लिहिलेले नसेल, तर बोटांनी पारखावे. संचातले सगळे पॅड ओळीने मांडून अंगठ्याने दाबून पाहिले की कडक-मऊ हा क्रम लगेच कळतो. मग मागच्या बाजूला पेनाने १, २, ३ असे आकडे घालून ठेवावेत. पॅडच्या पृष्ठभागावर तळहात फिरवूनही पाहावा; मऊ म्हणून विकलेला पॅड हाताला खरखरीत लागत असेल, तर तो शेवटच्या कामाला घेऊ नये. शक्यतो पॅड आणि पॉलिश एकाच कंपनीचे घ्यावेत, म्हणजे कोणत्या पॅडबरोबर कोणते पॉलिश वापरावे हे त्या कंपनीनेच सांगितलेले असते.

माप, प्लेट आणि आटे

पॅड यंत्राला थेट बसत नाही. मध्ये रबरासारख्या लवचीक पदार्थाची एक चकती असते, तिला बॅकिंग प्लेट म्हणतात. ती आट्यांनी यंत्राला बसते आणि पॅड तिला वेल्क्रोने चिकटतो. ही चिकटपट्टीही एका निरीक्षणातून जन्मलेली. स्वित्झर्लंडचे जॉर्ज द मेस्त्राल १९४१ मध्ये कुत्र्याला घेऊन फिरून आले, तेव्हा कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी फळे चिकटली होती. त्यांच्या टोकांचे बारीक आकडे पाहून त्यांना वेल्क्रोची कल्पना सुचली.

प्लेट घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आटे. भारतात मिळणाऱ्या मोठ्या पॉलिशरना साधारणपणे एम-१४ मापाचे आटे असतात, तर चार इंची लहान ग्राइंडरना एम-१० असतात. अमेरिकन बाजारातल्या प्लेटचे आटे इंचाच्या मापाचे, वेगळे असतात. ओढूनताणून बसवलेली प्लेट वेगात निसटली तर अनर्थ होईल. दुसरी गोष्ट, प्लेट पॅडपेक्षा अर्धा ते एक इंच लहान असावी. सात इंची पॅडला सहा इंची प्लेट योग्य. प्लेट पॅडएवढी किंवा मोठी असली की तिची कठीण कड रंगाला लागते आणि मग दुरुस्ती पेंटरकडेच. तिसरी गोष्ट, पॅड बरोबर मधोमध बसला पाहिजे. किंचित जरी एका बाजूला सरकला, तरी यंत्र थरथरते आणि पॅड रंगावर उड्या मारतो. मध्ये भोक असलेला पॅड नेमका बसवणे सोपे जाते.

आकारात मोठ्याचा मोह टाळावा. सात-आठ इंची पॅड छप्पर आणि बॉनेट यांच्यासाठी सोयीचा. पण आजच्या गाड्यांचे पत्रे वळणावळणांचे असतात. नवशिक्याने साडेपाच ते सहा इंची पॅड घ्यावा. त्याच्या जोडीला दाराच्या मुठीजवळ, आरशाखाली, बंपरच्या खाचांत चालणारा तीन इंची पॅड असावा. त्यासाठी वेगळी लहान प्लेट लागते, हे खरेदी करतानाच ध्यानात ठेवावे.

सौम्यापासून सुरुवात

पॅड कोणता, या प्रश्नाचे उत्तर शेवटी गाडीच देते. क्लिअर कोटचा कठीणपणा कंपनीगणिक वेगळा असतो. एका गाडीवर मध्यम पॅडने निघणारे चरे दुसरीवर हलतही नाहीत. म्हणून सगळी गाडी घासायला घेण्याआधी एक चाचणी करावी. या कामातला हाच सर्वांत मोलाचा नियम आहे.

गाडी आधी शाम्पूने स्वच्छ धुवावी. हाताला खरखर लागत असेल, तर क्ले बार फिरवून चिकटलेली घाण काढावी. धुळीवर पॅड फिरवणे म्हणजे पॉलिश पेपरने घासण्यासारखेच. पत्रा थंड आणि गाडी सावलीत असावी. मग बॉनेटच्या सपाट भागावर फूटभर चौकोन घ्यावा आणि सर्वांत मऊ पॅड व बारीक पॉलिश यांनी सुरुवात करावी. पॅडवर पॉलिशचे तीन-चार थेंब पुरेत. यंत्र सुरू करण्याआधी पॅड रंगावर टेकवावा, म्हणजे थेंब उडत नाहीत. आधी ६०० ते ९०० फेऱ्यांवर पॉलिश पसरावे, मग १२०० ते १५०० फेऱ्यांपर्यंत वाढवावे. पॅड सपाट ठेवून, यंत्राच्या वजनाइतकाच दाब देऊन, सावकाश उभे-आडवे हात फिरवावेत. एका जागी क्षणभरही थांबू नये. मधूनमधून यंत्र बाजूला घेऊन हाताच्या मागच्या बाजूने पत्रा चाचपावा. कोमट चालेल, हात मागे घ्यावासा वाटेल इतका गरम झाला, तर तत्काळ थांबावे.

मग तो चौकोन मऊ फडक्याने पुसावा. पॉलिशमधल्या तेलाने चरे तात्पुरते झाकले जातात, म्हणून पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुसून उन्हात किंवा टॉर्चच्या उजेडात पाहावे. समाधान झाले, तर हीच जोडी सगळ्या गाडीला वापरावी. चरे राहिले, तर पॅड तोच ठेवून आधी पॉलिश एक पायरी जोरकस घ्यावे किंवा मध्यम पॅड लावावा. कडक पॅड त्यानंतर, आणि लोकर अगदी शेवटी. पायरी चढताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाने फरक पडला ते समजते. कटिंग करावेच लागले, तर त्यानंतर मऊ पॅडचा शेवटचा हात चुकवू नये. पट्टे तोच घालवतो.

ओरखडा खोल आहे का, हे पाहायला नखाची कसोटी पुरते. ओरखड्यावरून आडवे नख फिरवले आणि ते अडकले, तर तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही. तेवढ्यासाठी सगळ्या पत्र्याचा थर खर्ची घालू नये. थोडा पुसट झाला तरी पुष्कळ.

किती पॅड, आणि त्यांची निगा

एक पॅड घेऊन सगळी गाडी करायची, हा कंजूसपणा महागात पडतो. दोनेक पत्रे झाले की फोम पॉलिशने आणि निघालेल्या रंगाच्या भुकटीने तुडुंब होतो, तापतो आणि कापण्याऐवजी लेपत सुटतो. म्हणून जो पॅड मुख्य कामाचा ठरेल, तो किमान तीनच्या संख्येत घ्यावा. पाच रंगांचे पाच पॅड असण्यापेक्षा कामाचे तीन मध्यम आणि दोन मऊ पॅड असणे केव्हाही चांगले. प्रत्येक पत्र्यानंतर यंत्र कमी वेगात ठेवून नायलॉनच्या ब्रशने फोम साफ करावा. एका पॅडवर दोन वेगळी पॉलिशे लावू नयेत. जमिनीवर पडलेला पॅड धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. त्यात रुतलेला वाळूचा एक कण सबंध बॉनेटवर गोल रेघा काढतो.

काम संपल्यावर पॅड कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावेत. ते पिळू नयेत, दाबून पाणी काढावे. पिळल्याने मागचे वेल्क्रो सुटते. वेल्क्रोची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत. फोमला भेगा पडल्या, कड फाटली किंवा वेल्क्रो सुटू लागले, की तो पॅड बाद समजावा.

कडा, कोपरे आणि माणसे

पत्र्याच्या कडांवर आणि उठावदार रेषांवर रंगाचा थर पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब नेमका तिथेच येतो. सुरुवातीच्या प्रसंगातला डाग बॉनेटच्या कडेला पडला, तो यामुळेच. अशा सर्व कडांवर, रबरावर आणि काळ्या प्लॅस्टिकवर आधी मास्किंग टेप लावावी. ही टेप मुळात मोटारीच्या रंगकामासाठीच जन्माला आली. दुरंगी गाड्यांची रेघ सरळ यावी म्हणून धडपडणाऱ्या पेंटरांची अडचण पाहून थ्रीएममधील रिचर्ड ड्र्यू यांनी ती १९२५ मध्ये तयार केली. कडेशी काम करताना पॅड कडेवरून बाहेरच्या दिशेने फिरेल असा धरावा. आत घुसणारा पॅड कडेला अडकून हिसका देतो.

गाडीइतकीच माणसांचीही काळजी घ्यावी. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवा. ओढणी, पदर, मफलर, सैल बाह्या आणि मोकळे केस फिरत्या पॅडपासून दूर असावेत. वायर खांद्यावरून मागे घ्यावी. पॅड बदलताना प्लग काढावा. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून यंत्र चालवू नये, आणि मुलांना बघायचेच असेल तर ती चार हात लांब राहतील असे पाहावे.

काही वेळा पॅड हातातच न घेणे शहाणपणाचे असते. मुद्दाम मंद ठेवलेल्या, म्हणजे मॅट रंगाला पॉलिश लावू नये; तो कायमचा ठिगळासारखा चमकू लागतो. सिरॅमिक कोटिंग केलेले असेल, तर ते पॉलिशने निघून जाते. पूर्वी रंगवलेल्या पत्र्याखाली लांबी भरलेली असू शकते आणि वरच्या थराची जाडी सांगता येत नाही. अशा ठिकाणी जाडी मोजणारे गेज असलेल्या जाणकाराला आधी दाखवावे.

आणि एक शेवटचा, बिनखर्चाचा मुद्दा. हे गोल चरे येतात कुठून? बहुतेक रोजच्या पुसण्यातून. एकच बादली, एकच फडके आणि दहा गाड्या, हा प्रकार शहरांतल्या अनेक सोसायट्यांत रोज पहाटे चालतो. कोरड्या धुळीवर फिरवलेले फडके रोज थोडे चरे पाडते आणि वर्षाने ते काढायला पॅड लागतो. आपल्या गाडीसाठी वेगळे स्वच्छ मायक्रोफायबरचे फडके द्यावे, धूळ आधी पाण्याने वाहून जाऊ द्यावी आणि बोअरच्या जड पाण्याचे थेंब अंगावर वाळू देऊ नयेत. एवढे केले, तरी यंत्र बाहेर काढण्याची वेळ क्वचितच येईल.

पुढल्या दसऱ्याला मुलाने पुन्हा यंत्र काढले, तर बाबांनी त्याला अडवू नये. फक्त लोकरीची टोपी कपाटात राहू द्यावी, त्याच्या हाती सर्वांत मऊ पॅड द्यावा आणि सांगावे, "आधी एवढ्या फूटभर जागेवर करून बघ, मग उन्हात बघू." तेवढ्यानेच काम भागले, तर बॉनेटवरचा केसाहून पातळ थर पुढच्या कित्येक दसऱ्यांसाठी शिल्लक राहील.